पर्यावरणाचा दाखला कोण देते?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांत, निविदा आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींशेजारी, एक छोटी चौकट अधूनमधून आपल्याला दिसते. अमुक गावातील अमुक सर्व्हे नंबरवरील गृहप्रकल्पास पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली आहे, मंजुरीपत्राची प्रत संकेतस्थळावर पाहता येईल, एवढाच तिचा मजकूर. पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड, रावेत अशा गावांचा कायापालट ज्या काळात झाला, त्या काळाची ही एक बारीकशी खूण. विकासक ही जाहिरात हौसेने देत नाही. मंजुरीपासून सात दिवसांच्या आत दोन स्थानिक वृत्तपत्रांत, आणि त्यांपैकी एकात मराठीतून, ती द्यावी अशी अट मंजुरीपत्रातच असते. वाचणारे थोडे. त्यातही ही मंजुरी दिली कोणी, असे विचारणारे आणखी थोडे. पुष्कळांना वाटते, महापालिकेने दिली असेल. महापालिका बांधकामाचा नकाशा मंजूर करते. हा दाखला मात्र वेगळ्या टेबलावरून येतो. त्या टेबलामागे कोण बसते, त्यांना कोण नेमते आणि त्यांच्या हाताखाली माणसे कोण, याचा इतिहास पन्नास-पंचावन्न वर्षांचा आहे. आज त्याविषयी बोलायचे आहे.

सुरुवात करावी लागते १९६९ पासून. पाणी हा विषय आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला आहे. त्यामुळे नदी घाण करू नका असे सांगणारा कायदा दिल्लीने आपणहून करायचा म्हटले तर अडचण होती. ओरिसाने १९५३ मध्ये नद्यांच्या प्रदूषणाविषयी कायदा केला होता. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी त्याखालचे मंडळ स्थापन झाले. स्टॉकहोमची गाजलेली पर्यावरण परिषद भरली जून १९७२ मध्ये. म्हणजे आपले मंडळ तिच्याही आधीचे. पर्यावरण हे पाश्चात्त्यांकडून आलेले फॅड आहे असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पवनेच्या काठी त्या सुमारास काय चालले होते? पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली होती. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये जन्मले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर भूखंड पडू लागले. कामगार आले, चाळी आल्या, वसाहती आल्या. पिंपरी-चिंचवडची नगरपालिकाही नेमकी १९७० मध्येच स्थापन झाली, म्हणजे ती आणि प्रदूषणाचे मंडळ एकाच वर्षीची. नगरपालिकेची १९८२ मध्ये महापालिका झाली. पिंपळे सौदागर तेव्हा नदीकाठचे शेतीचे गाव होते. गुरव, निलख आणि सौदागर अशी तीन पिंपळे पाहुण्यांना नीट सांगावी लागत, नाहीतर माणूस भलत्याच पिंपळ्यात उतरायचा.

दिल्लीने अखेर वाट काढली. राज्यघटनेच्या २५२ व्या कलमानुसार दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले तर राज्याच्या विषयावरही संसदेला कायदा करता येतो. त्या वाटेने २३ मार्च १९७४ रोजी जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा आला. महाराष्ट्राकडे स्वतःचा कायदा होताच. राज्याने केंद्राचा कायदा स्वीकारला तो १ जून १९८१ रोजी. आजचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ हे त्या कायद्याच्या चौथ्या कलमाखालचे. हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ चा. महाराष्ट्रात तो १९८३ पासून काही भागांत आणि १९९६ पासून सगळ्या राज्यात लागू झाला.

आता ते चौथे कलम जरा निरखून पाहू, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिथे आहे. मंडळात खुर्च्या जास्तीत जास्त सतरा. एक अध्यक्ष, तो पूर्णवेळ असावा की अर्धवेळ, हे सरकारने ठरवायचे. पाचपर्यंत सरकारी अधिकारी. पाचपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी. शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार अशा हितसंबंधांसाठी तीनपर्यंत बिनसरकारी माणसे. सरकारी कंपन्या-महामंडळांचे दोन. आणि एक सदस्य सचिव. तो मात्र पूर्णवेळच हवा आणि प्रदूषण नियंत्रणाचे शास्त्र, अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन जाणणारा हवा. मंडळाची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा झाली पाहिजे. थोडक्यात, नक्की पूर्णवेळ असलेला माणूस सतरांत एकच. बाकीचे आपापली कामे सांभाळून येणारे.

हिशेब मांडून पाहा. नदीत घाण कोण सोडते? कारखाने सोडतात, आणि शहरे सोडतात. पवनेसारख्या नदीला शहराच्या सांडपाण्याचा त्रास कारखान्यांपेक्षा कमी नाही, उलट तो रोजचा आणि वाढता. आणि ज्यांच्या गटारांवर देखरेख ठेवायची, त्या स्थानिक संस्थांनाच कायद्याने पाचपर्यंत खुर्च्या दिल्या. हेतू वाईट नव्हता. १९७४ मधला विचार असा, की गावोगावचे सांडपाणी शेवटी नगरपालिकाच शुद्ध करणार, तेव्हा त्यांना बरोबर घेतल्याशिवाय काम होणार नाही. पण त्याच कायद्याचे सहावे कलम वाचले की गंमत वाटते. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रे बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या धंद्यात ज्याचा हिस्सा आहे, त्याला मंडळाचा सदस्य होता येत नाही. यंत्र विकणारा बाहेर. सांडपाणी सोडणारा आत.

अध्यक्ष आणि सदस्य सचिव नेमावेत कसे, यावर देशभर इतकी ओरड झाली, की प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने राज्यांना सहा महिन्यांच्या आत या नेमणुकांसाठी नियम करायला सांगितले. कायदा झाल्यावर त्रेचाळीस वर्षांनी!

वरच्या सतरा खुर्च्यांखाली खरे काम करणारी उतरंड आहे. मुख्यालय मुंबईला, त्याखाली प्रादेशिक कार्यालये, त्याखाली उपप्रादेशिक. पुण्याला प्रादेशिक अधिकारी, पिंपरी-चिंचवडसाठी वेगळा उपप्रादेशिक अधिकारी, आणि त्याच्या हाताखाली क्षेत्र अधिकारी. हा क्षेत्र अधिकारी म्हणजे मंडळाचे डोळे आणि पाय. कारखान्याला सुरू होण्याआधी आणि चालू करताना जे संमतीपत्र लागते त्याची पाहणी तो करतो, तक्रार आली की तो जातो, आणि नदीच्या किंवा नाल्याच्या पाण्याचा नमुनाही तोच घेतो.

नमुना घेणे म्हणजे बाटली बुडवून आणणे नव्हे. न्यायालयात टिकणारा नमुना कसा घ्यायचा हे कायद्याच्या एकविसाव्या कलमात सांगितले आहे. आधी त्या जागेच्या ताबेदाराला, नमुन्याचे विश्लेषण करणार आहोत अशी तिथल्या तिथे नोटीस द्यायची. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही बाटल्या मोहोरबंद करायच्या, त्यांवर खुणा करायच्या, दोघांनी सह्या करायच्या. एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेत. ताबेदाराने मागणी केली तर दुसरी राज्याने ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेत. मग येते तपासणी. पाण्यातले जिवाणू त्यातील घाण फस्त करताना किती प्राणवायू वापरतात यावरून सांडपाण्याची तीव्रता मोजतात. त्यालाच बीओडी म्हणतात. ही चाचणी आपल्याकडे २७ अंश सेल्सियसला तीन दिवस चालते. तोवर, बाटली काठावरून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत, ती बर्फात ठेवावी लागते. नाहीतर जिवाणू वाटेतच जेवायला बसतात आणि आकडा खोटा येतो. एका नमुन्यामागे एवढी उस्तवार. आता भोसरी, चिंचवड, आकुर्डी, तळवड्याचे कारखाने मोजा, त्यात धुलाई केंद्रे, रुग्णालये आणि हॉटेले मिळवा, आणि क्षेत्र अधिकाऱ्याचा आठवडा कसा जात असेल याचा अंदाज करा. कामचुकार म्हणून त्याला नावे ठेवणे सोपे आहे. मला तरी त्याच्याविषयी थोडी सहानुभूती वाटते.

त्याच्या हातातली काठी मात्र मजबूत झाली ती १९८८ मध्ये. तोवर मंडळाला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत. भोपाळची वायुगळती डिसेंबर १९८४ ची. तिच्या धक्क्याने १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि १९८८ च्या दुरुस्तीने जल कायद्यात ३३-अ हे कलम घातले. त्यानुसार मंडळ कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश थेट देऊ शकते. उद्योजक आजही या कलमाला वचकून असतात. पण ही काठी कारखान्यावर उगारता येते. लाखो माणसांच्या शहराची वीज कोण तोडणार? शहराचे सांडपाणी नदीत गेले तर मंडळ नोटीस पाठवते, बँक हमी मागते, खटला भरते. शहर आपले चालूच राहते. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तेव्हा त्यांतील ५३ एकट्या महाराष्ट्रातले निघाले. कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. पवना त्या यादीत होतीच.

इथवर आपण पाहिले ते एक टेबल: झालेली घाण तपासणारे. दुसरे टेबल त्यानंतर वीस वर्षांनी आले, प्रकल्प होण्याआधीच त्याचे परिणाम तपासण्यासाठी. ही कल्पना अमेरिकेची. १ जानेवारी १९७० रोजी तिथे राष्ट्रीय पर्यावरण धोरणाचा कायदा झाला आणि मोठ्या सरकारी कामाआधी त्याच्या परिणामांचा अहवाल सक्तीचा झाला. आपल्याकडे २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने धरणे, खाणी, मोठे कारखाने अशा प्रकल्पांना केंद्राची पूर्वमंजुरी लागू लागली. एप्रिल १९९७ मध्ये त्यात जनसुनावणी आली. तोवर घरबांधणीचा यात काही संबंध नव्हता. तो आला जुलै २००४ मध्ये: हजाराहून अधिक माणसे राहतील, किंवा रोज पन्नास हजार लिटरहून अधिक सांडपाणी निघेल, किंवा पन्नास कोटींहून अधिक खर्च येईल, असे बांधकाम असेल तर दिल्लीची परवानगी घ्या. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांमुळे पिंपळे सौदागरच्या शेतांत तेव्हा इमारती उगवत होत्या. त्यांच्या फायली दिल्लीला जाऊ लागल्या. देशभरातल्या बिल्डरांच्या फायली एकाच मंत्रालयात, मग दुसरे काय होणार?

म्हणून १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना. तिने काम राज्याकडे दिले आणि वर्तमानपत्रातल्या त्या चौकटीमागचे टेबल इथे तयार झाले. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल तर राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाची मंजुरी हवी. नाव लांबलचक आहे. बांधकाम व्यवसायात सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सिया’ म्हणतात. या प्राधिकरणात माणसे किती? तीन. अध्यक्ष, एक सदस्य आणि सदस्य सचिव. सदस्य सचिव हा सरकारी अधिकारी. आपल्याकडे पर्यावरण विभागाचे सचिव ते काम पाहतात. उरलेल्या दोघांची नावे राज्याने सुचवायची आणि नेमणूक केंद्राने करायची. मुदत तीन वर्षे.

या तिघांना सल्ला देते तज्ज्ञ मूल्यांकन समिती. तिच्यात जास्तीत जास्त पंधरा जण. प्रत्येकाला आपल्या विषयाचा पंधरा वर्षांचा अनुभव हवा, किंवा वरची पदवी असेल तर दहा वर्षांचा. वय सत्तरच्या आत, माणूस मिळतच नसेल तर पंचाहत्तरपर्यंत. पाणी-हवेची गुणवत्ता, वनस्पती-प्राणी, वने, जोखमीचा अभ्यास, पर्यावरणाचे अर्थशास्त्र असे विषय ठरवून दिलेले. निवृत्त प्राध्यापक, निवृत्त अभियंते, निवृत्त अधिकारी यांचा भरणा होणार हे या अटी वाचूनच कळते. तेही पूर्णवेळ नाहीत. ठरावीक दिवशी बैठकीला येतात, समोर फायलींचा गठ्ठा असतो, विकासकाचा सल्लागार सादरीकरण करतो, प्रश्न विचारले जातात, आणि शिफारस होते किंवा त्रुटी काढून फाइल पुढे ढकलली जाते. महाराष्ट्रात काम इतके वाढले की समित्याच एकाहून अधिक कराव्या लागल्या. मुंबई महानगरातली बांधकामे एकीकडे, पुणे-पिंपरी-चिंचवडसह उरलेल्या राज्यातली दुसरीकडे.

घड्याळही बांधून दिले आहे: समितीला साठ दिवस, तिच्या शिफारशीनंतर प्राधिकरणाला पंचेचाळीस. त्या वेळेत निर्णय झाला नाही, तर समितीची शिफारस हाच निर्णय समजून चालायची मुभा अर्जदाराला आहे. तिघांचा निर्णय एकमतानेच व्हावा असे मुळात म्हटले होते. डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने ‘सर्वसाधारणपणे एकमताने’ असे झाले आणि मतभेद असेल तर दोन्ही बाजू इतिवृत्तात लिहाव्यात असे ठरले. मला ही दुरुस्ती आवडते. निदान कोण काय म्हणाले ते कागदावर राहते. आणि तीन वर्षांची मुदत संपली, नवे नेमले गेले नाहीत, तर काय? प्राधिकरणच जागेवर नसेल तर फाइल विचारासाठी पुन्हा दिल्लीला. नेमणुकीचा एक कागद वेळेवर निघाला नाही की बांधकाम व्यावसायिकापासून घर घेणाऱ्यापर्यंत सगळे खोळंबतात ते यामुळे.

या दोन टेबलांच्या मधे एक तिसरी जागा असायला हवी होती, ती आपली. जनसुनावणीची पद्धत अधिसूचनेत तपशीलवार आहे. प्रकल्पाच्या जागेवर किंवा जवळपास, प्रदूषण मंडळाने ती घ्यायची. तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी. आणि सरतेशेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. उत्तम पद्धत आहे. फक्त ती पिंपळे सौदागरला लागू नाही. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतले प्रकल्प आणि इमारतींचे बांधकाम, दोन्ही जनसुनावणीतून वगळलेले आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये मुख्यतः या दोनच गोष्टी होतात. खाणीसाठी चंद्रपूरच्या गावकऱ्याला माइकसमोर उभे राहून बोलता येते; शेजारच्या रानात बावीस मजली इमारतींचा झुपका उठणार असला, तरी आधीपासून राहणाऱ्या सोसायटीला विचारले जात नाही. त्यांच्या वाट्याला येते ती सात दिवसांच्या आतली जाहिरात, म्हणजे निर्णय झाल्यावरची.

दुसरीकडे हे वेगळे होऊ शकते का? कॅनडातील क्यूबेक प्रांताने १९७८ मध्ये पर्यावरणाच्या जनसुनावण्यांसाठीच एक स्वतंत्र कार्यालय काढले. त्याचे काही आयुक्त पूर्णवेळ असतात. सुनावणी दोन टप्प्यांत होते: पहिल्यात लोक प्रश्न विचारतात आणि प्रकल्प करणाऱ्याला उत्तरे द्यावी लागतात, मधे किमान एकवीस दिवस अभ्यासाला, मग दुसऱ्यात लोक आपले मत मांडतात. अहवाल जाहीर होतो. निर्णय सरकारच घेते, पण ऐकणाऱ्याला दुसरा उद्योग नसतो. आपल्याकडे नेमके उलटे आहे. निर्णय देणारे अर्धवेळ, आणि ऐकण्याची सोय वगळलेली.

तपासणी सैल असली की काय होते त्याचे उदाहरण पुण्यातच घडले. सिंहगड रस्त्यावरच्या एका गृहप्रकल्पाला २००८ मध्ये ५५२ सदनिकांसाठी मंजुरी मिळाली. उभ्या राहिल्या ८०७. वाद पोचला सर्वोच्च न्यायालयात. मुद्दा बांधकाम मोजायचे कसे हा होता: चटई निर्देशांकात धरले जाणारे क्षेत्रच मोजायचे, की वाहनतळ, जिने, तळघर सगळे? न्यायालयाने १० ऑगस्ट २०१८ रोजी सांगितले, छताखालचे सगळे मोजायचे; पर्यावरणावरचा भार चटई निर्देशांक बघून पडत नाही. इमारती पाडल्या नाहीत, कारण राहणाऱ्यांचा दोष नव्हता. विकासकाला शंभर कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती भरायला लावली. हे उघड झाले ते एका नागरिकाने कागद काढून तक्रार केल्यामुळे, कोणी अधिकारी फिरत तिथे गेला म्हणून नव्हे.

मंजुरीपत्रात अटी भरपूर असतात. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे आपल्या भाषेत एसटीपी, उभारा, ते पाणी संडासांना आणि बागेला वापरा, पावसाचे पाणी जिरवा, ओला कचरा आवारातच मुरवा, झाडे लावा. अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्या. विकासक इमारत पुरी करतो, सोसायटीची नोंदणी होते, आणि अटींचे ते पुडके शेवटी सोसायटीच्या कमिटीच्या टेबलावर येऊन पडते. कोकणे चौकापासून नदीकाठापर्यंत कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या तळघरात डोकावा. एसटीपीचे ब्लोअर घुमत असले तर वीजबिल वाढते, बंद असले तर वास येतो. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी मिळू लागले, टँकरचा खर्च वाढला, आणि २०२३ मध्ये महापालिकेने बंद एसटीपी असलेल्या मोठ्या सोसायट्यांना नळजोड तोडण्याचे इशारे दिले. राहणारे म्हणाले, यंत्रणा आम्हाला मिळाली तेव्हाच धड नव्हती. ती धड आहे की नाही हे ताबा देताना पाहायचे कोणी? प्राधिकरणाच्या तिघांकडे स्वतःचे निरीक्षक नाहीत. मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याकडे कारखाने आहेत. केंद्राचे विभागीय कार्यालय, जिथे ते सहामाही अहवाल जातात, ते आहे नागपूरला.

दरम्यान कमिटीची निवडणूक होते, नवे सेक्रेटरी येतात, जुन्यांकडून कपाटाच्या किल्ल्या घेतात. त्या कपाटात, सातबारा आणि लिफ्टच्या परवान्याखाली, ते मंजुरीपत्र असते. त्यावर प्रकल्पाच्या नावासमोर अजून विकासकाचेच नाव असते, आणि १ जूनचा अहवाल कोणाच्या सहीने जायचा हे ठरायचे असते.